घरी आलेला जुना ट्रॅक्टर

जुनी वस्तू घरी आणणे फारसे अवघड नसते. ती आणल्यावर तिचे पुढे काय करावयाचे हे ठरविणे मात्र अवघड असते. नवी वस्तू घेताना आपण तिचा उपयोग आधी ठरवितो आणि मग पैसे मोजतो. जुन्या वस्तूच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. ती आधी दारात येऊन उभी राहते, आणि मग घरातील प्रत्येक माणूस तिच्याविषयी आपापला निकाल सांगू लागतो. एकास तीत आठवण दिसते, दुसऱ्यास अडगळ दिसते, तिसऱ्यास बाजारभाव दिसतो. आमच्या घरी अशी एक वस्तू आली. ती पेटीत अथवा फळीवर मावणारी नव्हती. वजनाने दीड टनाच्या आसपास भरणारा तो एक जुनाट ट्रॅक्टर होता, आणि त्याचा निकाल लावण्यास आम्हांस एक वर्ष लागले. त्या वर्षात जे पाहावयास व शिकावयास मिळाले ते विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहोत.

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर देवगाव फाटा लागतो. येथून एक रस्ता सेलूकडे वळतो. फाटा म्हटला म्हणजे जे असावयाचे ते सर्व येथे आहे: चहाची दुकाने, खताबियाण्यांची दुकाने, पंक्चर काढणारे, आणि बसची वाट पाहणारी माणसे. भोवती काळी कसदार जमीन. तीत कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी. या फाट्यापासून थोड्या अंतरावर आमचे वडिलार्जित शेत व घर आहे. आमच्या थोरल्या काकांच्या वाटणीचे शेत मात्र मंठ्याकडील एका खेड्यात होते. ट्रॅक्टर तेथेच होता.

तो घेतला कसा, हे समजण्यासाठी १९७२ च्या दुष्काळाकडे वळले पाहिजे. त्या दुष्काळात माणसांस काम देण्यासाठी सरकारने रस्त्यांची, तलावांची, खडी फोडण्याची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. आमच्या काकू त्याच वर्षी लग्न होऊन सासरी आल्या होत्या, आणि नव्या नवरीच्या हातात खडी फोडण्याचा हातोडा आला. माणसांस काम मिळाले, परंतु गुराढोरांस चारा कोठून मिळणार? काकांच्या बैलजोडीतील एक बैल गेला व दुसरा मातीमोलाने विकावा लागला. काकांच्या मनावर या गोष्टीचा मोठा परिणाम झाला. ते म्हणत, बैल काम नसले तरी खातो, आणि खाण्यास नसले म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत मरतो. यंत्र काम करील तेव्हाच खाईल. पुढे १९७८ साली जमीन गहाण ठेवून, कर्ज काढून, आणि कमी पडले त्यास काकूंच्या पाटल्या मोडून त्यांनी ट्रॅक्टर घेतला. पाटल्या काकूंच्या माहेरच्या होत्या. कर्ज यथाकाल फिटले. पाटल्या पुन्हा झाल्या नाहीत.

हा ट्रॅक्टर एच. एम. टी. कंपनीचा, २५ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरांचा. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबांच्या मनगटावर याच कंपनीचे घड्याळ असेल. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळूर येथे निघाली. यंत्रे बनविणारी यंत्रे देशातच तयार व्हावी हा तिचा मूळ हेतू. पुढे तिने घड्याळे काढली, आणि १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियातील झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होण्याची सुरुवात त्याच्या थोडी आधी, १९५९ साली, फरिदाबाद येथे आयशर कंपनीने केली होती. त्यापूर्वी ट्रॅक्टर परदेशांतून येत, आणि एखादा भाग मोडला तर तोही परदेशातूनच यावा लागे. देशी कारखाने निघाले तेव्हा कोठे मराठवाड्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्यास ट्रॅक्टर घेण्याचा विचार तरी करता येऊ लागला. परंतु काळाचा महिमा असा, की ज्या देशातून या ट्रॅक्टरची रचना आली तो चेकोस्लोव्हाकिया १९९३ च्या पहिल्या दिवशी दोन राष्ट्रांत विभागला गेला, आणि कंपनीचा ट्रॅक्टर-विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. राज्ये बदलली, कारखाने मिटले, आणि त्यांतून निघालेले एक यंत्र मात्र मंठ्याकडील एका चिंचेखाली उभे राहिले.

काका वारल्यावर तो तेथेच होता. दहा पावसाळे त्याने त्या चिंचेखाली काढले. मूळचा रंग कोणता होता हे सांगता येऊ नये इतका गंज पत्र्यावर चढला होता. बैठकीच्या गादीत उंदरांनी घरे केली होती, टायरे भेगाळून जमिनीस टेकली होती, दिव्याच्या पोकळीत पाखरांनी काड्या भरल्या होत्या. गावात भंगारवाला येई तो प्रत्येक वेळी काकूंच्या दाराशी थांबे. शेवटी काकूंनी शेत बटाईने लावले, आणि ट्रॅक्टर हलविणे भाग पडले. त्यांनी आम्हांस निरोप पाठविला, की तुला पाहिजे असेल तर घेऊन जा, नाही तर देऊन टाकते. काकूंची वस्तू फुकट आणणे आम्हांस योग्य वाटेना. म्हणून भंगारवाल्याने सांगितलेले चाळीस हजार रुपये आम्ही त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते मोजले नाहीत. परत मात्र केले नाहीत, आणि तेच योग्य होते.

आणण्याचा प्रकार सांगण्यासारखा आहे. चाकांत हवा नाही, ब्रेक नाही, इंजिन जाम. तेव्हा टोचन करून ओढून आणणे शक्य नव्हते. खेड्यातील मंडळींनी युक्ती काढली. बांधाचा उंच भाग पाहून त्याला ट्रकची मागची बाजू नेऊन टेकविली, मध्ये दोन जाड फळ्या टाकल्या, आणि वीस माणसांनी हातभार लावून ट्रॅक्टर ट्रकवर चढविला. देवगाव फाट्यास उतरवितानाही असाच बांध शोधावा लागला. वाटेत माणसे थांबून पाहत होती. एका गृहस्थांनी विचारले, “सर, हे कुठं नेता? जालन्याला का?”

या प्रश्नात थट्टा नव्हती. जालना हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर आहे. तेथील भट्ट्यांत जुने लोखंड वितळवून त्याच्या सळया करतात, आणि त्या सळया घरांच्या, पुलांच्या, शाळांच्या स्लॅबमध्ये जातात. काकूंचे चिरंजीव पुण्याकडे एका कारखान्यात काम करतात. त्यांचे मत याच बाजूस होते. ते म्हणाले, “दादा, लोखंड वितळले म्हणजे मेले असे नाही. आज ट्रॅक्टर आहे, उद्या कोणाच्या घराची सळई होईल. तुम्ही भावनेने ठेवाल, आणि पुढे गंज त्याला खाऊन टाकील. मग तो सळईच्याही उपयोगाचा राहणार नाही.” या बोलण्यास आमच्यापाशी चटकन उत्तर नव्हते, कारण ते खरे होते.

आमच्या मुलांचे मत निराळे. त्यांनी कोठेतरी चित्र पाहिले होते, की जुना ट्रॅक्टर घासून, चकचकीत रंग देऊन फाटकाशी उभा करतात व त्याच्याभोवती फुलझाडे लावतात. तसा तो आपल्या फाटकाशी शोभेल, असे त्यांस वाटत होते. शेजारच्या एका शेतकऱ्याचे म्हणणे, की इंजिन बांधून घ्या आणि पुन्हा नांगराला जुंपा. जुन्या लोखंडाची ताकद नव्यास येत नाही. आमच्या कुटुंबाने शांतपणे एवढेच विचारले, की नांगरट भाड्याने किती पैशांत होते, आणि हा दुरुस्त करण्यास किती लागतील? याप्रमाणे एका ट्रॅक्टरपुढे चार वाटा उभ्या राहिल्या: भट्टी, फाटक, नांगर आणि हिशेब.

काकूंस आम्ही मुद्दाम विचारले, कारण पाटल्या त्यांच्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्याला नुसता उभा ठिवू नको, बाबा. कामाला लाव, न्हाई तर भट्टीत जाऊ दे. पूजा करायला घेतला नव्हता त्यो.”

या दोन वाक्यांनी एक वाट आपोआप बंद झाली. फाटकाशी शोभेस ठेवण्याचा विचार आम्ही त्याच दिवशी सोडला. मुले हिरमुसली, परंतु त्यांसही आजीचे म्हणणे कळले. उरलेल्या वाटांपैकी कोणती धरावी हे मात्र यंत्र खोलून पाहिल्यावाचून ठरविता येण्यासारखे नव्हते. येथे आम्हांस लूककृत शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आठवला. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाकण्यास धनी सांगतो. माळी त्याची विनवणी करून एक वर्षाची मुदत मागतो. भोवती खणीन, खत घालीन, आणि तरीही फळ न आले तर मग खुशाल तोडावे, असे त्याचे म्हणणे. हा माळी झाडाची नुसती रदबदली करीत नाही, त्या मुदतीत आपण काय करणार हेही सांगतो. आणि मुदत संपल्यावर निकाल मान्य करण्याची त्याची तयारी आहे. आम्ही घरात असेच ठरविले. एक वर्ष. त्या वर्षात खोलून, तपासून, घासून पाहावयाचे. आणि काम निघाले नाही तर जालन्यास पाठवावयाचे. काकूंच्या चिरंजीवांनीही यास संमती दिली.

जिंतूरकडील एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी आल्याआल्या पान्हा हाती घेतला नाही, आधी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या घातल्या, आणि मग धुराड्यापाशी थांबून विचारले, “हा डबा कोणी घातला?” धुराड्याच्या उभ्या नळीवर वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा पालथा घातलेला होता. ट्रकमधूनही तो तसाच आला होता, कारण तारेने बांधलेला होता. आम्ही त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. मिस्त्री म्हणाले, “ज्यानं हा डबा घातला त्यानं इंजिन वाचवलं. उघड्या नळीतून पावसाचं पाणी थेट सिलिंडरमधे उतरतं. एक पावसाळा पुरतो.” चौकशी केली तेव्हा कळले, की काकू दर वर्षी मृग लागण्याआधी तो डबा पाहून येत, गंजून गेला असेल तर नवा घालीत, आणि तारेने बांधीत. का, असे विचारले तर म्हणाल्या, “पानी जाईल म्हून.” ट्रॅक्टर पुन्हा सुरू होईल असे त्यांस वाटत होते काय? तसे मुळीच नव्हते. पाणी आत जाऊ नये, इतकाच त्यांचा विचार होता.

आता विद्यार्थ्यांसाठी या इंजिनाचे मर्म थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर येताना सिलिंडरमधील हवा मूळच्या सुमारे सोळाव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबली जाते. हवा अशी एकदम दाबली म्हणजे ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते ते याच कारणाने. येथे उष्णता ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थाने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वी करून दाखविले, आणि त्यांचे नावच इंधनास पडले. तेव्हा या इंजिनाचा सारा जीव दाब धरण्यात आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, किंवा लायनरवर गंजाचे खड्डे पडले, की दाब सुटतो, हवा तापत नाही, आणि इंजिन सुरू होत नाही.

आमचे इंजिन जाम होते, परंतु मेले नव्हते. मिस्त्रींनी नोझल काढून दोन्ही सिलिंडरांत डिझेल व वंगण यांचे मिश्रण ओतले आणि आठ दिवस तसेच ठेवावयास सांगितले. आठ दिवसांनी फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून अगदी हलक्या हाताने पुढेमागे केले. पहिल्या दिवशी ते जागचे हलले नाही. दुसऱ्या दिवशी बोटभर हलले. तिसऱ्या दिवशी पुरता फेरा झाला. त्या वेळी शाळेस सुट्टी होती. फाट्याजवळची चारपाच मुले रोज येऊन बसत. पहिल्या दिवशी मुले म्हणत होती, की सर, हातोडा मारा ना! मिस्त्रींनी त्यांस सांगितले, “हातोड्यानं निघालं असतं तर ते भंगारवाल्याचं काम होतं.” जोर कोठे लावावा आणि कोठे लावू नये, याचा पाठ त्या मुलांस या एका वाक्यात मिळाला.

मग इंजिन खोलले. लायनर वापरण्याजोगे निघाले. रिंगा, गॅस्केटे, बेअरिंगे बदलावी लागली. डिझेल पंप जालन्यास पाठवून जुळवून घेतला. कारखाना बंद झाला असला तरी या जातीचे ट्रॅक्टर खेडोपाडी अजून आहेत, म्हणून सुटे भाग शोधल्यास मिळतात. सर्व मिळून अडतीस हजार रुपये खर्च आला. ज्या सायंकाळी इंजिन पहिल्यांदा धडधडले त्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट उठला, मग काळा धूर आला, आणि थोड्या वेळाने धूर विरळ होऊन दोन सिलिंडरांचा ठाय आवाज शेतावर पसरला. काकूंस फोनवर तो आवाज ऐकविला. त्या काही बोलल्या नाहीत. आवाज ऐकत राहिल्या.

परंतु इंजिन सुरू होणे म्हणजे निकाल लागणे नव्हे. आता खरी परीक्षा होती. नांगरासाठी इंजिनाइतकीच मागची लिफ्ट लागते. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता न ओढता तीन दांड्यांनी त्याच्याशी जोडण्याची व तेलाच्या दाबाने उचलण्याची योजना काढली. १९४६ पासून इंग्लंडातील कॉव्हेन्ट्री येथे तयार झालेल्या त्यांच्या ट्रॅक्टरने ती जगभर पोचविली, आणि आज बहुतेक सर्व ट्रॅक्टरांच्या मागे तेच तीन सांधे दिसतात. आमच्या ट्रॅक्टरची लिफ्ट तेल धरीना. ती नवी करावयाची तर पुन्हा तितकाच खर्च. शिवाय आजकालचे रोटाव्हेटर व पलटी नांगर अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरांसाठी केलेले. २५ अश्वशक्ती त्यांस अपुरी. फाट्याच्या पंचक्रोशीत भाड्याने नांगरट सहज करून मिळते. तेव्हा नांगराची वाटही बंद झाली.

रस्त्यावर ओझे वाहण्याची वाट कायद्याने व विवेकाने बंद होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षे चालते, आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ती केव्हाच संपली होती. कागद कदाचित पुन्हा करता आले असते. परंतु ज्याचे ब्रेक एका बाजूसच धरतात असे वाहन हमरस्त्यावर, जेथून आमचेच विद्यार्थी सायकलीवर जातात, तेथे आणणे आम्हांस मान्य नव्हते.

मग उरले काय? इंजिन आणि त्यामागचा फिरता दांडा, ज्यास पीटीओ म्हणतात. या दांड्यावर दुसरी यंत्रे चालतात. म्हणजे ट्रॅक्टर एका जागी उभा राहून काम करू शकत होता. प्रश्न एवढाच, की असे काम कोणास हवे आहे?

येथे जुन्या अनुभवांची थोडी आठवण करणे अप्रस्तुत होणार नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तेथे नव्याचे भय आड आले. आमच्या बाबतीत जुन्याची माया आड येण्याचा संभव होता. भय असो वा माया असो, दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोन्ही वस्तूस कामावर लावून न पाहताच निकाल देतात. अलाहाबाद येथे १९१० साली सॅम हिगिनबॉटम या मिशनरी गृहस्थांनी कृषिशाळा काढली. तेथील मेसन वॉ यांनी बैलाची ताकद व शेतकऱ्याचा खिसा पाहून अवजारे तयार केली. आधी गरज पाहावी आणि मग अवजार ठरवावे, हा त्यांच्या कामाचा क्रम होता. आमच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे गाव वसविले, तेथेही प्रार्थनेबरोबर शेती होतीच. उपासना व नांगर यांचा संबंध आमच्या मंडळींस नवा नाही.

तेव्हा आम्ही गरज शोधू लागलो, आणि ती शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. आमच्या भागात सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते. ते कापून गंजी लावतात आणि मळणी यंत्राची वाट पाहतात. मोठ्या शेतकऱ्याची गंजी मोठी, म्हणून यंत्रवाला आधी तिकडे जातो. ज्याचे दीड-दोन एकर आहे त्याचा नंबर शेवटी लागतो. नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस येतो. गंजी भिजली की दाणा काळा पडतो, कोंब फुटतात, आणि चार महिन्यांचे श्रम व्यापाऱ्याच्या काट्यावर निम्म्याने उतरतात. हे आमच्या वर्गातील किती तरी मुलांच्या घरी घडते. फी भरण्यास उशीर का झाला, याचे उत्तर पुष्कळदा भिजलेल्या गंजीत असते. शेजारच्या एका शेतकऱ्याकडे मळणी यंत्र होते; ते चालविणारा ट्रॅक्टर त्यांनी अडचणीत विकला होता. त्यांच्याकडे यंत्र असून शक्ती नव्हती, आणि आमच्याकडे शक्ती असून यंत्र नव्हते. दोन्ही आमच्या खळ्यावर एकत्र आली. आमच्या बांधास लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी आपापला माल खळ्यावर आणावा, डिझेल व वंगण यांचा खर्च भागेल इतके द्यावे, आणि ज्याचा माल सर्वांत थोडा त्याचा नंबर पहिला, असे नियम ठरले. शेवटचा नियम काकूंनी घातला.

एक नियम आमचाही होता. मळणी यंत्र हे उपकारक तितकेच घातक आहे. त्यात हात गेलेली माणसे आपण गावोगाव पाहतो. याच कारणास्तव १९८३ साली केंद्र सरकारने अशा धोक्याच्या यंत्रांविषयी कायदा केला. पीटीओचा दांडा मिनिटास ५४० फेरे घेतो. पदराचे वा धोतराचे टोक त्यात सापडले तर सोडवून घेण्यास माणसास वेळच मिळत नाही. म्हणून दांड्यावर लोखंडी आवरण बसविल्यावाचून आम्ही यंत्र सुरू केले नाही, आणि मुलांस दोरीच्या आखणीबाहेर बसूनच पाहण्याची परवानगी दिली.

पहिल्या हंगामात ११ घरचे सोयाबीन निघाले. काकूंच्या सांगण्यावरून एक वही घातली आहे. तीत तारीख, तास, डिझेल आणि कोणाचा माल हे चार रकाने आहेत. वर्षअखेरीस बेरीज केली: २८ तास, ८४ लिटर. इंजिनावर केलेला खर्च इतक्यात भरून निघत नाही, आणि काकूंच्या चिरंजीवांनी ते स्पष्ट दाखवूनही दिले. परंतु त्यांनी वही परत देताना असेही सांगितले, की ११ गंज्यांपैकी एकही भिजली नाही, हा रकाना या वहीत नाही, तो घालावा. तो पाचवा रकाना आता घातला आहे.

मागचे निकामी झालेले पत्रे, तुटका मडगार्ड, जुन्या रिंगा व इतर मोड मात्र भंगारात दिली, व तिचे पैसे काकूंस पाठविले. म्हणजे थोडा ट्रॅक्टर जालन्याच्या भट्टीत गेलाच. उरलेल्याचा निकाल कायमचा नाही. वहीच्या पहिल्या पानावर काकूंच्या सहीने लिहिले आहे, की ज्या वर्षी हा कामापेक्षा अधिक खाईल, किंवा ज्या वर्षी त्याच्याकडे कोणी माल आणणार नाही, त्या वर्षी त्यास दुःख न मानता भट्टीत पाठवावे. काकूंस सही करण्यापुरतेच लिहिता येते; ती त्यांनी सावकाश व ठळक केली आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील. त्यांतील सर्वच ठेवाव्या असे आम्ही म्हणत नाही, व सर्वच टाकाव्या असेही म्हणत नाही. आधी ती कोणाच्या कष्टाची आहे ते विचारा. मग ती खोलून, तपासून पाहा. मग तिची कोणास गरज आहे ते शोधा. आणि मुदत ठरवून निकाल मान्य करा. परंतु हे सर्व करता यावे यासाठी कोणीतरी आधी, काही लाभाची आशा नसता, धुराड्यावर डबा घालून ठेवलेला असावा लागतो. दर वर्षी, मृगाच्या आधी, न विसरता. घरात व शाळेत अशी कामे करणारी माणसे बहुधा मुकाट्याने वावरतात. त्यांस ओळखण्यास शिका, आणि जमेल तेथे त्यांपैकी एक व्हा. यंदा मृगापूर्वी तो डबा पाहून येण्याचे काम आमच्या धाकट्या मुलीने आपण होऊन मागून घेतले आहे.